परिस्थिती अजून तशीच आहे का? अमेरिकेतील नेपाळी नागरिकांच्या तात्पुरत्या संरक्षणाचे प्रकरण

अमेरिकेत राहणाऱ्या काही नेपाळी नागरिकांकडे असे वर्क परमिट होते, ज्यावर मुदत संपण्याची तारीख २४ जून २०१८ अशी छापलेली होती आणि तरीही जे ३० जून २०२४ पर्यंत कायद्याने ग्राह्य होते. कार्ड बनावट नव्हते, छपाईची चूकही नव्हती. मधल्या सहा वर्षांत सरकारने एकामागून एक सूचना राजपत्रात प्रसिद्ध करून त्याच जुन्या कार्डाची मुदत पुढे ढकलली होती, आणि त्यातल्या बहुतेक सूचना सरकारने स्वतःहून नव्हे, तर एका न्यायालयीन तडजोडीमुळे काढल्या होत्या. हा सहा वर्षांचा फरक कसा निर्माण झाला, याचा माग काढताना मायदेशी सुरक्षित परतू न शकणाऱ्या माणसांना दिलेल्या तात्पुरत्या संरक्षणाची मुदतवाढ प्रत्यक्षात कशी ठरते, ते बरेचसे स्पष्ट होते.

भूकंप आणि घोषणा

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळी वेळेनुसार सकाळी ११ वाजून ५६ मिनिटांनी गोरखा जिल्ह्यातील बारपाक गावाजवळ केंद्र असलेला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. वार शनिवार होता, शाळांना सुट्टी होती, म्हणून हजारो मुले वाचली. पुढे शाळांच्या इमारतींची अवस्था पाहता हा योगायोग किती मोठा होता हे लक्षात आले. १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का बसला. दोन्ही मिळून जवळपास नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली, बावीस हजारांहून अधिक जखमी झाली, सुमारे पाच लाख घरे पूर्ण कोसळली आणि आणखी अडीच लाखांहून अधिक घरांचे अंशतः नुकसान झाले. लांगटांग खोऱ्यातील एक अख्खे गाव हिमस्खलनाखाली गाडले गेले. नेपाळच्या नियोजन आयोगाने आपत्तीनंतर केलेल्या मूल्यमापनात एकूण हानी सुमारे सात अब्ज डॉलर इतकी धरली होती.

२४ जून २०१५ रोजी अमेरिकेने नेपाळला ‘टेम्पररी प्रोटेक्टेड स्टेटस’ म्हणजे टीपीएससाठी घोषित केले. पहिली मुदत अठरा महिन्यांची, २४ डिसेंबर २०१६ पर्यंतची होती. ज्या दिवशी घोषणा झाली त्या दिवशी जो नेपाळी नागरिक अमेरिकेत राहत होता, तोच अर्ज करू शकत होता. या अटीचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा, कारण या संरक्षणाबद्दलचे निम्मे गैरसमज येथूनच सुरू होतात. बारपाकमध्ये ज्याचे घर पडले त्याला या योजनेतून काहीही मिळत नव्हते. तो जुलैमध्ये पर्यटक व्हिसावर न्यूयॉर्कला पोहोचला असता तरीही मिळाले नसते. अमेरिकेत आधीपासून असलेल्या माणसाला, मग तो विद्यार्थी असो, पाहुणा म्हणून आलेला असो, व्हिसाची मुदत उलटून गेलेला असो किंवा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेलेला असो, ‘सध्या तुला परत पाठवणार नाही, आणि तोपर्यंत काम करून पोट भरण्याची परवानगी देतो’ एवढेच ही योजना सांगते. पहिल्या नोंदणीसाठी अर्जाचे ५० डॉलर, बोटांचे ठसे व छायाचित्राचे ८५ आणि वर्क परमिटचे ३८० डॉलर असा खर्च होता. एखादा गंभीर गुन्हा किंवा दोन किरकोळ गुन्हे सिद्ध झालेली व्यक्ती अपात्र ठरत होती.

कायद्याची रचना

टीपीएसचा उगम १९९० च्या इमिग्रेशन कायद्यात आहे. २९ नोव्हेंबर १९९० रोजी थोरले जॉर्ज बुश यांनी त्यावर स्वाक्षरी केली. एखाद्या देशाची घोषणा तीन कारणांनी होऊ शकते: चालू असलेला सशस्त्र संघर्ष, भूकंप-पूर-दुष्काळ-साथ यांसारखी आपत्ती, आणि इतर असाधारण पण तात्पुरती परिस्थिती. नेपाळची घोषणा दुसऱ्या कारणाखाली झाली, आणि हे दुसरे कारण तिन्हींमध्ये सर्वाधिक अटींनी जखडलेले आहे. तेथे तीन गोष्टी एकत्र लागतात. आपत्तीमुळे बाधित भागातील जनजीवन मोठ्या प्रमाणावर, पण तात्पुरते, विस्कळीत झालेले असावे. आपल्या नागरिकांचे परतणे योग्य रीतीने हाताळण्यास तो देश तात्पुरता असमर्थ असावा. आणि त्या देशाच्या सरकारने अधिकृतपणे तशी विनंती केलेली असावी.

मुदत संपण्याच्या किमान साठ दिवस आधी होमलँड सिक्युरिटी म्हणजे अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या मंत्र्यांनी इतर संबंधित खात्यांशी सल्लामसलत करून घोषणेच्या अटी अजूनही पूर्ण होत आहेत का, याचा आढावा घ्यायचा असतो. होत नाहीत असा निष्कर्ष निघाला तर घोषणा रद्द करायची. तसा निष्कर्ष काढला गेला नाही तर मुदत आपोआप सहा महिन्यांनी वाढते. मंत्र्यांना वाटल्यास ती बारा किंवा अठरा महिन्यांनीही वाढवता येते. म्हणजे कायद्याचा कल, निदान कागदावर, मुदतवाढीकडे आहे. मौन पाळले तर संरक्षण टिकते. संपवायचे असेल तर तसे म्हणावे लागते आणि कारणे द्यावी लागतात. त्याच वेळी कायद्यात असेही कलम आहे की घोषणा, मुदतवाढ किंवा समाप्तीसंबंधी मंत्र्यांनी काढलेल्या निष्कर्षाचे न्यायालयीन पुनर्विलोकन होणार नाही. पुढचा सगळा वाद या दोन तरतुदींच्या मधल्या जागेत झाला.

नेपाळच्या बाबतीत तारखांचा एक चमत्कारिक मेळ बसला होता. मुदत २४ जूनला संपत असेल तर साठ दिवस मागे मोजल्यावर २५ एप्रिल येते, म्हणजे भूकंपाचाच दिवस. ज्या वर्षी जूनमध्ये मुदत संपणार असे, त्या वर्षी भूकंपाच्या स्मृतिदिनीच आढाव्याची कायदेशीर वेळमर्यादा पूर्ण होत असे.

पहिली मुदतवाढ आणि एका नाकेबंदीचा प्रश्न

ऑक्टोबर २०१६ मध्ये नेपाळला अठरा महिन्यांची मुदतवाढ मिळाली, २४ जून २०१८ पर्यंतची. त्या वेळी कोणी फारशी हरकत घेतली नाही, आणि काठमांडूतून येणाऱ्या बातम्या पाहिल्या तर घेण्यासारखे काही नव्हतेही. जून २०१५ मधील देणगीदार परिषदेत चार अब्ज डॉलरहून अधिक मदतीची आश्वासने मिळाली होती, पण पैसा खर्च करणारी यंत्रणा, म्हणजे राष्ट्रीय पुनर्निर्माण प्राधिकरण, डिसेंबर २०१५ मध्ये, भूकंपानंतर आठ महिन्यांनी, उभी राहिली. घर बांधण्यासाठीचे अनुदान प्रथम दोन लाख नेपाळी रुपये ठरले आणि २०१६ मध्ये तीन लाख झाले. ते तीन हप्त्यांत मिळायचे, पहिला हप्ता पन्नास हजारांचा. पायाची तपासणी झाल्याशिवाय दुसरा हप्ता नाही, आणि तपासायला अभियंता गावात पोहोचेपर्यंत पावसाळा आलेला. कोसळलेल्या घराशेजारी जस्ताच्या पत्र्यांच्या आडोशाखाली कुटुंबांनी एकामागून एक हिवाळे काढले.

दिरंगाईचे खापर केवळ काठमांडूच्या कारभारावर फोडता येत नाही. २० सप्टेंबर २०१५ रोजी नेपाळची नवी राज्यघटना लागू झाली आणि तराईतील, म्हणजे भारताला लागून असलेल्या दक्षिणेकडील सखल पट्ट्यातील, मधेशी पक्षांचे आधीच सुरू असलेले आंदोलन आणखी पेटले. त्यानंतर फेब्रुवारी २०१६ पर्यंत भारताच्या सीमेवरील नाकी, विशेषतः वीरगंज–रक्सौल हे मुख्य नाके, जवळपास बंद होती. ही नाकेबंदी भारताने केली असे काठमांडूचे म्हणणे होते, ती आपण केलेली नाही असे दिल्लीचे. दोष कोणाचाही असो, परिणामाबद्दल वाद नव्हता. पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस, औषधे आणि बांधकामाचे साहित्य अडकले, आणि तेही भूकंपानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात. चारचाकी जेथपर्यंत जाते तेथून पुढे सिमेंटची पोती खेचरांवर लादून न्यावी लागतात, अशा गावांत पायथ्यापर्यंतच पोती पोहोचेनाशी झाली.

आता वादाचा मुद्दा येतो. नाकेबंदी म्हणजे भूकंप नव्हे. ऑगस्ट २०१७ मध्ये तराईत आलेला मोठा पूर हाही भूकंप नव्हे. मग २०१८ मध्ये मंत्र्यांनी ‘अटी अजूनही पूर्ण होत आहेत का’ असे विचारताना या दोन्ही गोष्टी हिशेबात धरायच्या, की २५ एप्रिल २०१५ च्या धक्क्याने जेवढे पाडले तेवढेच मोजायचे?

त्याआधीची अनेक वर्षांची पद्धत पहिल्या बाजूची होती. २००१ च्या भूकंपांनंतर एल साल्वादोरला मिळालेली घोषणा पुनःपुन्हा वाढवताना नंतरचे दुष्काळ, पूर आणि वादळे विचारात घेतली गेली. हैतीच्या २०१० च्या भूकंपानंतर आलेली कॉलऱ्याची साथ आणि २०१६ चे मॅथ्यू चक्रीवादळ विचारात घेतले गेले. २०१७ आणि २०१८ मध्ये ट्रम्प प्रशासनाने यापैकी बहुतेक घोषणा रद्द करायचे ठरवले तेव्हा प्रश्नच बदलला. मूळ कारण, आणि तेवढेच, अजून टिकून आहे का, असा तो झाला.

२६ एप्रिल २०१८

भूकंपाच्या तिसऱ्या स्मृतिदिनाच्या दुसऱ्या दिवशी तत्कालीन मंत्री क्रिस्टेन निल्सन यांनी नेपाळची घोषणा रद्द केली. २०१५ नंतर परिस्थिती लक्षणीय सुधारली आहे, २०१६ च्या आढाव्यानंतर पुनर्बांधणीत भरीव प्रगती झाली आहे आणि विस्कळीतपणा आता ‘मोठ्या प्रमाणावर’ म्हणण्याइतका उरलेला नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. व्यवस्थित स्थित्यंतरासाठी बारा महिने देऊन अंतिम तारीख २४ जून २०१९ ठरवण्यात आली. त्या वेळी सुमारे नऊ हजार नेपाळी नागरिकांकडे टीपीएस होते.

या निर्णयाची बाजू न्याय्यपणे मांडायला हवी, कारण ती हास्यास्पद नव्हती. कायद्यात ‘तात्पुरते’ हा शब्द एकाच परिच्छेदात दोनदा येतो. अमेरिकी काँग्रेसने टीपीएसधारकांना थेट कायम वास्तव्य देण्याचा मार्ग जाणूनबुजून अरुंद ठेवला; तसा कायदा सिनेटमध्ये विचारात घ्यायचा तर तीन पंचमांश मते लागतील, असे त्याच कायद्यात लिहून ठेवले आहे. प्रत्येक नव्या संकटाला जुन्या घोषणेच्या खुंटीवर टांगत गेले तर जे काँग्रेसने दिले नाही ते खात्याने मुदतवाढीच्या मार्गाने दिल्यासारखे होते, हा आक्षेप गंभीर आहे. एल साल्वादोरच्या घोषणेला तेव्हा सतरा वर्षे झाली होती. नेपाळमध्येही घरे उभी राहत होती, २०१७ मध्ये स्थानिक निवडणुका पार पडल्या होत्या, विमाने उतरत होती.

तरीही मला तो अर्थ टिकणारा वाटत नाही, आणि त्याचे कारण कायद्याच्या मजकुरातच आहे. पहिली अट आपत्तीशी बांधलेली आहे, हे खरे. दुसरी अट मात्र वर्तमानकाळात लिहिलेली आहे आणि तिला कोणतेही कारण जोडलेले नाही: परतणाऱ्या नागरिकांना सामावून घेण्यास तो देश असमर्थ आहे का. असमर्थता आजची असते. ती कोणकोणत्या कारणांनी आली याचा वेगवेगळा हिशेब सरकारी तिजोरी ठेवत नाही. पुरात वाहून गेलेला पूल दुरुस्त करायला जो अभियंता गेला तोच भूकंपग्रस्त घरांचे पाये तपासणारा अभियंता होता.

पहिल्या अटीबाबतही भूकंपाचे नुकसान आणि नंतरचे नुकसान अशी रेघ ओढता येत नाही. नाकेबंदीने नवे घर पाडले नाही. पडलेले घर न बांधता येण्याचा काळ वाढवला. ज्याचे अंगण २०१५ मध्ये उघडे पडले आणि सिमेंट न मिळाल्यामुळे २०१७ मध्येही उघडेच राहिले, त्याचे जनजीवन कोणत्या कारणाने विस्कळीत राहिले म्हणायचे? दिरंगाई हा त्याच हानीचा पुढचा भाग आहे. म्हणून मधल्या घटना वगळून काढलेले उत्तर हे काटेकोर उत्तर नसून निम्म्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मी म्हणेन.

न्यायालयांतील वळणे

मार्च २०१८ मध्ये एल साल्वादोर, हैती, निकाराग्वा आणि सुदान या चार देशांच्या टीपीएसधारकांनी कॅलिफोर्नियाच्या उत्तर जिल्ह्याच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला होता. तो ‘रामोस विरुद्ध निल्सन’ म्हणून ओळखला जातो. ३ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायाधीश एडवर्ड चेन यांनी चारही समाप्तींना अंतरिम मनाई केली. मंत्र्यांच्या निष्कर्षाचे पुनर्विलोकन होणार नाही हे कलम त्यांच्यासमोरही होते. एखाद्या देशाची परिस्थिती चांगली की वाईट हे न्यायालय ठरवत नाही, पण वर्षानुवर्षांची मोजण्याची पद्धत कारण न देता बदलली का, आणि त्या बदलामागे वंशभेदाचा हेतू होता का, हे न्यायालय पाहू शकते, अशी ती मांडणी होती.

नेपाळ त्या दाव्यात नव्हता. म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये नेपाळ आणि होंडुरास यांच्यासाठी ‘भट्टराई विरुद्ध निल्सन’ हा वेगळा दावा त्याच न्यायालयात दाखल झाला. त्याच्या पूर्वतयारीत न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील ‘अधिकार’ या नेपाळीभाषक कामगारांच्या संघटनेचा मोठा वाटा होता. या दाव्यात निकालाची वेळ आलीच नाही. १२ मार्च २०१९ रोजी दोन्ही पक्षांच्या संमतीने आदेश झाला की रामोस प्रकरणातील मनाई टिकून आहे तोवर नेपाळ आणि होंडुरासची समाप्तीही अमलात येणार नाही. अंतिम तारखेला तीन महिने उरले असताना नऊ हजार माणसांचे भवितव्य अशा प्रकारे दुसऱ्या चार देशांच्या खटल्याला जोडले गेले.

सप्टेंबर २०२० मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे कॅलिफोर्नियावर अधिकार असलेल्या संघीय अपील न्यायालयाच्या, तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने दोन विरुद्ध एक मतांनी चेन यांचा आदेश रद्द ठरवला. पुनर्विलोकनबंदीचे कलम या तक्रारीलाही लागू होते असे बहुमताने म्हटले. मात्र तो निकाल प्रत्यक्ष लागू होण्याआधीच अपिलाची पुढची प्रक्रिया सुरू झाली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मोठ्या पीठापुढे फेरसुनावणी मंजूर होऊन तो निकालच बाजूला ठेवला गेला. अडीच वर्षे मनाई मरण्याच्या बेतात होती, पण मेली नाही.

कार्डावरची तारीख

या काळात प्रत्यक्ष माणसाला काय अनुभवावे लागत होते, ते त्या वर्क परमिटवरून कळते. मार्च २०१९ च्या त्या संमतीच्या तडजोडीनुसार खात्याला वेळोवेळी फेडरल रजिस्टर या संघीय राजपत्रात सूचना काढून कार्डांची मुदत वाढवावी लागे. मे २०१९ च्या सूचनेने ती २४ मार्च २०२० पर्यंत गेली, नोव्हेंबर २०१९ च्या सूचनेने ४ जानेवारी २०२१ पर्यंत, डिसेंबर २०२० च्या सूचनेने ४ ऑक्टोबर २०२१ पर्यंत, सप्टेंबर २०२१ च्या सूचनेने ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत आणि नोव्हेंबर २०२२ च्या सूचनेने ३० जून २०२४ पर्यंत. यात पैसे वाचत होते, कारण नवे कार्ड काढावे लागत नव्हते. पण कार्डावरचा आकडा तोच राहत होता.

समजा, अशा एखाद्या कामगाराला २०२१ मध्ये नवी नोकरी धरायची आहे. प्रत्येक मालकाला कामगाराची कागदपत्रे पाहून आय-९ नावाचा अर्ज भरावा लागतो. कामगार कार्ड पुढे करतो. त्यावर ए-१२ हा टीपीएसचा वर्ग आहे आणि मुदत तीन वर्षांपूर्वी संपल्याचे छापलेले आहे. सोबत तो राजपत्राच्या सूचनेची छापील प्रत देतो, तीन रकान्यांची, बारीक टाइपातली, आणि ज्या तक्त्यात आपल्या कार्डाची तारीख व तिच्यासमोर वाढीव तारीख दिली आहे त्यावर बोट ठेवतो. कायद्याने मालकाने ते स्वीकारायलाच हवे. पण समोरचा माणूस वकील नसतो. त्याला एवढेच दिसते की मुदत संपलेले कार्ड घेऊन आलेला एक परदेशी माणूस त्याला सरकारी कागद वाचायला लावत आहे. वाहन परवान्याच्या खिडकीवर हीच कसरत पुन्हा, कारण अनेक राज्यांत परवान्याची मुदत इमिग्रेशनच्या कागदाशी बांधलेली असते. मुदतवाढ मिळणे आणि ती समोरच्याला पटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची जबाबदारी कायद्याने प्रत्यक्षात त्या कामगाराच्याच गळ्यात घातली होती.

अशा माणसाने इतकी वर्षे ग्रीन कार्डसाठी काहीच का केले नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. टीपीएस कितीही वर्षे टिकले तरी ते आपोआप कायम वास्तव्यात बदलत नाही. त्यासाठी कुटुंब किंवा नोकरीचा स्वतंत्र आधार लागतो. जे व्हिसावर विमानाने आले होते आणि ज्यांना असा आधार मिळाला, त्यांना मार्ग मोकळा होता, आणि अनेकांनी तो घेतला. जे सीमा ओलांडून तपासणीशिवाय आले होते त्यांच्याबाबत अपील न्यायालयांत मतभेद होते. ७ जून २०२१ रोजी ‘सांचेझ विरुद्ध मायोर्कस’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की टीपीएस मिळणे म्हणजे कायदेशीर प्रवेश मिळणे नव्हे. निकालपत्र न्यायमूर्ती एलेना केगन यांचे होते. या दुसऱ्या गटासाठी दार तेव्हा जवळपास लागले.

२०२३ ची मुदतवाढ आणि २०२५ ची समाप्ती

जून २०२३ मध्ये बायडेन प्रशासनाने एल साल्वादोर, होंडुरास, नेपाळ आणि निकाराग्वा यांच्या २०१८ च्या सुमारास झालेल्या समाप्ती मागे घेतल्या. नेपाळला २४ जून २०२५ पर्यंत मुदत मिळाली. भूकंपाचे परिणाम शिल्लक असून नंतरचा अतिवृष्टीचा मान्सून, पूर, भूस्खलने आणि छोटे भूकंप यांनी ते अधिक बिकट केले, असे या वेळी नोंदवले गेले. म्हणजे मोजण्याची जुनी पद्धत परत आली. दहा वर्षांच्या या प्रवासात ‘अटी अजूनही पूर्ण होत आहेत’ असे सरकारने स्वतःहून म्हटले ते दोनदाच, २०१६ आणि २०२३ मध्ये. बाकीचा मोठा काळ न्यायालयाच्या आधारावर निघाला. टीपीएस म्हणजे दर अठरा महिन्यांनी सही करून मिळणारी खिरापत, असे म्हणणाऱ्यांनी निदान नेपाळची फाइल पाहिलेली नाही.

२५ एप्रिल २०२५ रोजी भूकंपाला दहा वर्षे झाली आणि आढाव्याची वेळमर्यादाही त्याच दिवशी आली. मधल्या काळात ३ नोव्हेंबर २०२३ च्या जाजरकोट भूकंपात दीडशेहून अधिक आणि सप्टेंबर २०२४ च्या पुरांत दोनशेहून अधिक माणसे दगावली होती. ६ जून २०२५ रोजी राजपत्रात समाप्तीची सूचना प्रसिद्ध झाली. आपत्तीची पूर्वतयारी व प्रतिसादक्षमता लक्षणीय सुधारली आहे, भूकंपानंतरची पुनर्बांधणी बरीच झाली आहे आणि नेपाळ आपल्या नागरिकांचे परतणे नीट हाताळू शकतो, असे मंत्री क्रिस्टी नोएम यांचे म्हणणे होते. राष्ट्रीय पुनर्निर्माण प्राधिकरणाचे काम २०२१ च्या अखेरीस संपलेले होते हे पाहता पुनर्बांधणीबाबतचा दावा २०१८ पेक्षा पुष्कळ भक्कम होता, हे मान्य करावे लागते. वेगळेपण मुदतीत होते. २०१८ मध्ये आवराआवरीसाठी बारा महिने दिले होते. या वेळी कायद्याने किमान म्हणून सांगितलेले साठ दिवस, ५ ऑगस्टपर्यंतचे. सुमारे सात हजार माणसांवर परिणाम होणार होता, आणि त्यांच्यापैकी प्रत्येक जण किमान दहा वर्षे अमेरिकेत राहिलेला होता. त्याशिवाय तो पात्रच ठरला नसता.

साठ दिवसांत घराचा भाडेकरार मोडता येतो, गाडी विकता येते. अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणून अमेरिकी नागरिक असलेल्या आणि नेपाळी जेमतेम वाचणाऱ्या मुलाचे शिक्षण कोठे पुढे चालू ठेवायचे, हे मात्र त्यात ठरत नाही.

जुलैमध्ये नेपाळ, होंडुरास आणि निकाराग्वासाठी नवा दावा दाखल झाला. ३१ जुलै रोजी न्यायाधीश ट्रिना थॉम्पसन यांनी समाप्ती १८ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली. २० ऑगस्ट रोजी नवव्या सर्किटच्या खंडपीठाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि नेपाळचे संरक्षण तेथे थांबले. २०१९ मध्ये अंतिम तारखेच्या तीन महिने आधी आधार मिळाला होता; या वेळी मिळालेला आधार तीन आठवड्यांत निघून गेला.

त्यानंतर अठरा-वीस दिवसांनीच, ८ आणि ९ सप्टेंबर २०२५ रोजी, समाजमाध्यमांवरील बंदी आणि भ्रष्टाचार यांविरुद्ध काठमांडूत तरुणांचे आंदोलन उसळले. गोळीबार आणि जाळपोळीत सत्तरहून अधिक माणसे मरण पावली, सिंहदरबार हे सरकारचे मुख्य कार्यालय, संसद आणि सर्वोच्च न्यायालय यांच्या इमारती जळाल्या, विमानतळ बंद ठेवावा लागला, पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला आणि १२ सप्टेंबर रोजी माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी हंगामी सरकारची सूत्रे घेतली. जूनमधील सूचना हे गृहीत धरू शकत नव्हती, म्हणून तिला त्याबद्दल दोष देणे योग्य नाही. पण परतणाऱ्या नागरिकांना सामावून घेण्याची देशाची क्षमता हा निकष किती वेगाने बदलू शकतो, हे त्या आठवड्यात दिसले.

कायद्याच्या दृष्टीने आता वाट वेगळी आहे. संपलेली घोषणा नव्या घटनेमुळे पुन्हा जिवंत होत नाही. सप्टेंबरमधील अशांततेसाठी तिसऱ्या कारणाखाली, म्हणजे असाधारण व तात्पुरती परिस्थिती म्हणून, मंत्र्यांना संपूर्ण नवी घोषणा करावी लागेल. तीत वास्तव्याची नवी तारीख ठरेल, प्रत्येकाला नव्याने अर्ज करावा लागेल, आणि ती करायची की नाही हे सर्वस्वी मंत्र्यांच्या मर्जीवर आहे. मौन पाळले तर सहा महिन्यांची मुदत आपोआप मिळते, ही सोय फक्त चालू घोषणेला आहे. नेपाळची घोषणा चालू असती, तर हेच दोन दिवस पुढच्या आढाव्यात मोजायचे की वगळायचे, असा प्रश्न मंत्र्यांपुढे आला असता.